रशियाचा डॉक्टर आणि आंबागडची बावडी

आंबागडच्या किल्ल्यात तोफेने किती माणसं मेली हे कुणी सांगत नाही. पाण्याने मेली त्यांची गोष्ट मात्र पायथ्याच्या गावांतल्या प्रत्येक म्हातारीला तोंडपाठ. तुमसरपासून दहाबारा किलोमीटरवर, सातपुड्याच्या टेकड्यांत हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सरदार राजाखान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधला, असं सांगतात. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा तुरुंग झाला. इथवर पुस्तकातला इतिहास. यापुढे माझी आजी सुरू होई. "मारायला तलवार नाई लागे, बाबू. बावडीचं पानी पाजत, बस." किल्ल्याच्या आतल्या विहिरीचं साचलेलं, हिरवं पाणी कैद्याने प्यायचं आणि थोड्याच दिवसांत त्याची सुटका व्हायची. इंग्रजी अमदानीत गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबानेही ही गोष्ट टिपून ठेवली. त्यालाही ती अशाच कुणा म्हाताऱ्या माणसाने सांगितली असणार.

आजीच्या लेखी मात्र ही गोष्ट राजांची नव्हतीच, दुखण्याची होती. घरात कुणी आजारी पडलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोठचं पानी पिलास?" गायमुखच्या जत्रेला गेला होतास का, कुणाकडे मंडईच्या जत्रेला थांबला होतास का, बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी तोंडाला लावलंस का. हात लावून ताप बघणं त्यानंतर, आणि काढा त्याच्याही नंतर. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने रोगाचा माग काढायची ही रीत त्या किल्ल्याकडून उचलली होती असं मला वाटतं. आमच्या भागात पाण्याला तोटा नाही. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हाच म्हणतात. मालगुजारांच्या काळात बांधलेले ते तलाव, सरकारी भाषेत 'माजी मालगुजारी', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. तलाव, धानाच्या बांध्या आणि वर जंगल. धान पिकायला जे जे लागतं ते सगळं डासालाही लागतं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा पुतण्या. गावात त्याला 'रशियाचा डॉक्टर' म्हणतात. तो शिकला किरगिझस्तानात, बिश्केकला. सुरुवातीला त्याने नकाशा दाखवून लोकांना समजावून पाहिलं. शेवटी दमला आणि तोही रशियाच म्हणायला लागला. त्याच्या शिक्षणासाठी भावाने तलावाखालची चांगली बांधी विकली. इथल्या खासगी कॉलेजची फी आमच्या आवाक्यापलीकडची, सरकारी जागा थोड्या गुणांनी हुकलेली, आणि पोराच्या डोक्यात डॉक्टरकीशिवाय दुसरं काही नाही. अशी घरं आज महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. पोरं फिलिपाइन्सला जातात, कझाकस्तानला जातात, युक्रेनला जात होती.

परदेशातून डॉक्टर होऊन मायदेशी परतणं म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे एक मोठं चित्र उभं राहतं. त्या चित्रात आजीनेही रंग भरले होते. आजोबांच्या लाकडी पेटीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र होतं. ते पुस्तक आमच्याकडे कसं आलं कोण जाणे. आजोबा त्यातलं थोडं वाचून दाखवत, उरलेलं आजी स्वतःच्या मनाने पुरं करी. तिच्या गोष्टीतली आनंदीबाई सात समुद्र ओलांडून जाते, डॉक्टर होते, परत येते आणि कोल्हापुरात म्हातारी होईपर्यंत बाळंतपणं करते. अडलेली बाई आली की राजवाड्यातलं ताट सोडून धावते. आजीने तिच्या हाताखाली एक सुईणही दिली होती, आणि ती सुईण हुबेहूब आमच्या गावच्या सुईणीसारखी बोले.

खरी हकिकत मी कॉलेजात गेल्यावर वाचली. आनंदीबाई १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं. बाईमाणूस पुरुष डॉक्टरपुढे दुखणं बोलत नाही म्हणून बायकांना बाई डॉक्टर हवी, हे त्यांनी जाण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं. हे श्रीरामपूर बंगालमधलं. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची नेमणूकही झाली. पण बोटीतून उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बाविसावं पुरं व्हायच्या आत. कोल्हापूरच्या खाटांपाशी त्या कधी पोचल्याच नाहीत.

मी हे आजीला सांगितलं नाही. सांगूनही तिने ऐकलं नसतं. तिची स्वतःची दोन मुलं बाळंतिणीच्या खोलीतूनच गेली होती; तिला आनंदीबाई परत यायला हवी होती, कामाला लागायला हवी होती. खरं म्हणजे आजीच्या गोष्टीतलं आयुष्य त्याच काळातली दुसरी एक बाई जगली होती. नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन म्हणणाऱ्या रखमाबाई लंडनला शिकल्या, १८९४ च्या सुमारास डॉक्टर झाल्या आणि पुढची तीसपस्तीस वर्षं सुरत आणि राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत घालवली. १९५५ साली वारल्या तेव्हा नव्वदी ओलांडली होती. त्यांच्या खटल्याची चर्चा फार होते, दवाखान्यातल्या वर्षांची फारशी होत नाही. रोज उठून कामावर जाणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायला अवघड, एवढंच कारण असावं.

आमच्या भागात त्या काळी परदेशी शिकलेला डॉक्टर यायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टर म्हणजे नागपूरला रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ साली निघालं, त्यातून एलएमपी होऊन आलेला एखादा, तोही तुमसरच्या पुढे सहसा न सरकणारा. आजोबा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत मेट होते. काळा दगड फोडून वाघिणींत भरायचा, तो रेल्वेने बंदराला आणि तिथून विलायतेच्या पोलाद कारखान्यांत. खाणीवर कंपनीचा दवाखाना होता, म्हणजे एक कंपौंडर आणि एकाच रंगाचं औषध. पोस्टात पैशाला हिवतापावरच्या कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, पुडी मिळे. आजोबा सांगत, लोक पुडी घेत, जीभ लावून बघत आणि कडूपणामुळे अर्धी फेकून देत; ताप उतरला की उरलेली अर्धी म्हशीच्या दावणीत. सरकारने पोस्टमनलाच वैद्य केला होता आणि कल्पना तितकीशी वाईट नव्हती, असं ते म्हणत. पोस्टमन निदान गावात येत तरी असे.

या सगळ्या ऐकीव गोष्टींत एक गोष्ट कायम अर्धवट राही. आजीच्या धाकट्या भावाची. त्याचं नाव निघालं की आजी उठून चुलीपाशी जाई. एवढंच कळलं होतं की तो विशीच्या आत गेला आणि करणीने गेला. ही गोष्ट पुरी केली माझ्या मोठ्या आत्याने, आणि तिच्याकडून ती काढून घेतली रशियाच्या डॉक्टरने.

पण त्याआधी तो डॉक्टर कसा झाला ते सांगायला हवं. परदेशातली पदवी घेऊन आलं की इथे लगेच पाटी लावता येत नाही. २००२ पासून एक चाळणी परीक्षा आहे: तीनशे प्रश्न, दीडशे बरोबर यावे लागतात, आणि पहिल्या दमात पार होणारे थोडे. पास झाल्यावर इथल्या रुग्णालयात वर्षभर इंटर्नशिप. पुतण्या त्या चाळणीत अडकला होता तेव्हा घरात जेवताना कुणी मोठ्याने बोलत नसे. गावात मात्र बोलत. बांधी गेली, पोरगं नापास. इंग्लंडहून आलेल्याला हार आणि बिश्केकहून आलेल्याला टोमणा, ही आपली जुनी सवय आहे. आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. तो त्याग करून परत आलेला नाही. त्या पदवीवर तिथे राहून त्याला फारसं काही करता आलं नसतं. आला कारण यायचंच होतं. आनंदीबाईंशी त्याची तुलना केली तर तोच हसेल. मात्र रात्री दोन वाजता लेकराला आचके आले की आईला डॉक्टर का परत आला याच्याशी देणंघेणं नसतं.

इंटर्नशिपमध्ये पहिल्याच पावसाळ्यात त्याच्यापुढे एक मुलगा आला. हाडं फुटल्यासारखी दुखतात म्हणून रडत होता, डोळे पिवळे, पाय सुजलेले. सोबतच्या वरिष्ठ सिस्टरने फाईल उघडायच्या आधीच सांगितलं, सिकलसेल. पुतण्या मला म्हणाला, "काका, माझ्या पुस्तकात हे दीड पान होतं. बिश्केकला सहा वर्षांत असा एक पेशंट बघितला नाही. इथं आठवड्याला येतात."

दीड पान त्या पुस्तकात होतं हेही कमी नाही. हा रोग वैद्यकशास्त्राला पहिल्यांदा दिसला तो शिकागोत. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण दंतवैद्यक शिकायला तिथे गेला होता. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या आणि जेम्स हेरिक या डॉक्टरने १९१० साली ते छापलं. नोएल तोवर पदवी घेऊन मायदेशी गेलाही होता. ग्रेनाडात दाताचा दवाखाना चालवत तो १९१६ साली वारला, बत्तिशीच्या आसपास. परदेशात शिकून परत जाणाऱ्यांच्या यादीत मी त्याला फार वर घालतो. त्याने जाताना स्वतःचं रक्त शिकागोच्या शास्त्राला दिलं आणि घरी येऊन लोकांचे दात काढले.

पुढची साखळी आमच्या तलावांपर्यंत येते. अँथनी ॲलिसन या डॉक्टरने १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या पाहणीवरून दाखवलं की आईबापांपैकी एकाकडूनच हा आनुवंशिक दोष घेतलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, मारक मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणून जिथे हिवताप पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला, तिथे हा दोष टिकून राहतो. दोघांकडून आला तर मात्र रोग. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लॅन्सेटमध्ये लिहिलं. लंडनच्या साप्ताहिकात आमच्या मुलखाचं रक्त छापून आलं आणि चिखल्याच्या कंपौंडरला त्याचा पत्ता नव्हता.

एका रविवारी पुतण्या आत्याच्या खाटेवर जाऊन बसला. आत्या आता ऐंशीच्या पुढे. तिने मामाला लहानपणी पाहिलेलं. तो काही लिहीत नव्हता, फक्त विचारत होता. कधी दुखे? रोवणीत, म्हणजे भातलावणीत. धो धो पावसात, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभं राहिलं की रात्री मामा ओरडे. कुठे दुखे? सगळीकडे, "हाडात कोनी खिळा ठोकते म्हने." डोळे? हळदीसारखे. पायाला जखम होती का? आत्या चमकली. घोट्याच्या वर होती, कधी भरलीच नाही, तीवरूनच तर लोक करणी म्हणत. शेवटी? ताप आला, छाती भरली, आणि गेला. आणखी भावंडं गेली का? दोन, लहानपणीच.

गार पाणी, ओलं अंग, अतिश्रम, पोटात पुरेसं पाणी नसणं: सिकलसेलच्या कळा याने उठतात. रोवणीच्या दिवसात हे सगळं एकत्र येतं. आत्याने पाऊण शतक जपलेली आठवण म्हणजे केसपेपरच होता, फक्त तो मागणारं कुणी आलं नव्हतं.

मागण्याची ही गोष्ट आमच्या शेजारी गडचिरोलीत फार मोठ्या प्रमाणावर घडली आहे. तिचीही सुरुवात मी एका वडीलधाऱ्याकडूनच ऐकली. आमचे एक काका सर्वोदयी. ते वर्ध्याच्या ठाकूरदास बंगांची गोष्ट सांगत. बंग अर्थशास्त्राचे प्राध्यापक. अमेरिकेला पुढचं शिकायला निघाले आणि आशीर्वाद घ्यायला सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. गांधीजींनी त्यांना अमेरिकेऐवजी खेड्यात जायला सांगितलं. ते गेलेच नाहीत अमेरिकेला. काकांची गोष्ट इथे संपे, डोळ्यांत पाणी वगैरे. मला तिचा पुढचा भाग जास्त आवडतो: त्यांचा मुलगा अभय मात्र अमेरिकेला गेला. अभय आणि राणी बंग दोघेही नागपूरच्या मेडिकलचे एमडी. १९८४ साली जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत येऊन गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. तो जिल्हा तेव्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. बाप न जाऊन जे शिकला तेच मुलगा जाऊन शिकला, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. अमेरिकेत मोजायला शिकले नसते तर त्यांचं म्हणणं दिल्लीत कुणी ऐकलं नसतं.

राणी बंगांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या. ब्याण्णव टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. हे १९८९ साली लॅन्सेटमध्ये आलं तेव्हा जगभरच्या कुटुंबनियोजनवाल्यांना खाली बघावं लागलं. लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी त्यांनी दाईच्या हातात वाळूचं घड्याळ आणि मण्यांची तार दिली. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर श्वास जोरात चालला आहे, औषध द्या. आकडे न येणाऱ्या बाईने निदान केलं आणि ते बरोबर निघालं. पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून त्यांनी बालमृत्यू उतरवले. १९९९ च्या त्या लेखात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद आहे. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते ती याच वाटेने आलेली.

दवाखाना बांधायच्या वेळी त्यांनी आदिवासींना विचारलं. लोक म्हणाले, तुमचे डॉक्टर पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढऱ्यात मढं गुंडाळतो. नातेवाइकांना बाहेर काढता, मग आजारी माणूस एकटा बरा कसा होणार? म्हणून तिथलं रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखं आहे आणि नाव दंतेश्वरी देवीचं. पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडे ॲप्रन न घालता वॉर्डात गेलो तर सिस्टर हाकलून देईल.

आत्याशी बोलून झाल्यावर त्याने घरातल्या सगळ्यांना तपासणीला नेलं. साधी चाचणी: नळीत रक्ताचे थेंब टाकायचे, मागच्या रेषा दिसेनाशा झाल्या की संशय, मग नागपूरकडून पक्कं. मी वाहक निघालो, भाऊ निघाला, खुद्द डॉक्टरही निघाला. वाहकाला सहसा त्रास काही नसतो. पण दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक मुलामागे रोगाची शक्यता चारात एक. आत्याला हे समजायला मला वाटलं होतं त्याहून फार कमी वेळ लागला. "म्हंजे करनी नोती," ती म्हणाली, "आमच्याच घरचं होतं." मग तिने पिढ्या मोजायला सुरुवात केली. कुणाच्या सोयरिकीत कोण, कोणाचं पोर पिवळं पडून गेलं, कोणाची सून दर पावसाळ्यात माहेरी जाई. पुतण्याने त्या दिवशी काढलेला वंशवृक्ष नात्यागोत्यांनी इतका पसरला की कागद चिकटवावे लागले. तो आता एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटावर आहे. सिकलसेलच्या रोग्यांना रोवणीआधी बोलावून घेतो, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांचा हिशेब बघतो, पाणी पीत राहा म्हणून सांगतो. बावडीबद्दल मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, हगवण असेल, पटकी असेल, आणि मैदानातून आणलेल्या कैद्याला जंगलाचा मलेरियाच पुरेसा झाला असेल. पाण्यावर उगाच सगळं घातलं. मला हे काही फारसं आवडलं नाही. एकीकडे त्याचा पदव्युत्तर परीक्षेचा अभ्यास चालू आहे; गुण मिळाले तर जाईल, आणि जावंच.

मध्यंतरी त्याच्यासाठी गोंदियाकडचं स्थळ आलं. मुलगी फार्मसी झालेली, माणसं चांगली. पोहे झाले, चहा आला, मुलीचे वडील पत्रिका काढायला खिशात हात घालत होते. आत्या खाटेवरून म्हणाली, "ते राहू द्या जी. पोरीचं रक्त तपासलं का?"

बैठकीत कुणी हललं नाही. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना तो अपमान वाटला, आणि वाटणारच. पुतण्याने उठून स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, घडी केली आणि पत्रिकेच्या पाकिटात घातला. मुलगी पुढच्या आठवड्यात तपासणीला जाणार असल्याचा निरोप आला आहे. रिपोर्ट अजून यायचा आहे, आणि आत्या रोज विचारते.